काकानू, हसा नकात

तो फोटो मी काढला होता. त्यामुळे या लेखात दुसऱ्या कुणाला नावं ठेवायच्या आधी माझं नाव घ्यायला हवं.

आमच्या वाडीतल्या एका काकांच्या दोन्ही किडन्या गेल्या, डायलिसिस सुरू झालं. भजन मंडळाने ठरवलं की मे महिन्यात, चाकरमानी आंब्याला आलेले असतानाच, त्यांच्या मदतीसाठी डबलबारी, म्हणजे दोन बुवांच्या भजनाचा सामना, लावायची. बॅनरला फोटो हवा म्हणून मी मोबाईल घेऊन त्यांच्या खळ्यात गेलो. काका खुर्चीत बसले होते. फोटो काढणार म्हणून दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट. मोबाईल समोर धरला तसे ते सवयीने हसले. मागून आमच्यातलाच एकजण म्हणाला, "काकानू, हसा नकात. पेशंट दिसाक व्हयो."

काकांनी तोंड मिटलं आणि मी फोटो काढला. तो दहा बाय आठच्या फ्लेक्सवर चढून तिठ्यावर लागला. मध्ये फेटे बांधलेले दोन्ही बुवा, कडेने शुभेच्छुकांची रांग, वर सौजन्य करणाऱ्यांचे चेहरे. त्या बॅनरवर न हसणारा माणूस एकच होता.

डबलबारीच्या रात्री काकांना स्टेजच्या बाजूला प्लास्टिकच्या खुर्चीत, खांद्यावर शाल घालून बसवलं. दहाला सुरू व्हायचं ते अकराला सुरू झालं. पहिल्या बुवांनी नमन आटोपून अभंगाला हात घातला, पखवाज चढत होता, कोरस रंगात आला होता, आणि निवेदकाने माईक ओढला: अमुक अमुक, सध्या राहणार नालासोपारा, यांच्याकडून आपल्या पेशंटसाठी पाचशे एक रुपये. टाळ्या. बुवांनी पुन्हा पट्टी धरली. दोन ओळी झाल्या की पुन्हा माईक. मी साथीला चकी वाजवतो, टाळासारखंच वाद्य. हात हवेत धरून थांबायची सवय आम्हाला नाही, त्या रात्री झाली. प्रत्येक नावाला काका हात जोडत होते. अडीच वाजेपर्यंत जोडत होते. सकाळी त्यांचा डायलिसिसचा वार होता.

मग हिशोब. जमा ७४ हजार. मंडप, साऊंड, बॅनर, दोन्ही मंडळांच्या गाड्या, जेवण आणि मानधन मिळून खर्च ३९ हजार. बुवांनी मानधन निम्मं केलं होतं, हे सांगायलाच हवं. हातात उरले ३५ हजार, आणि तेवढेही उरले म्हणून आम्ही स्वतःवर खूश होतो.

गावच्या भजन मंडळाने आजारी माणसासाठी गाऊन पैसे उभे करावेत का, यावर आमच्याकडे फारसा वाद होत नाही. वाद होतो तो बुवा कोणते आणायचे यावर. माझं म्हणणं असं की भजन गावं, जरूर गावं, पण पेशंटला बॅनरवर आणि स्टेजवर आणू नये. लोकांनी गाण्याला पैसे द्यावेत. दुःख बघायला तिकीट लावल्यासारखं करू नये.

गाणं आणि मदत यांची सोयरीक आपल्याला नवी नाही. ८ जुलै १९२१ ला मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या मालकांनी एकत्र 'मानापमान' केलं, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. त्या संयुक्त प्रयोगाच्या आठवणी महाराष्ट्र शंभर वर्षं सांगतो आहे. कुणाचं कुठलं पद कसं रंगलं हे सांगतात. फंड हे निमित्त होतं आणि लोक गाणं ऐकायला आले होते. गाणं असं झालं की फंडाची झोळी आपसूक भरली. आमच्या मंडळात बालगंधर्व नाहीत हे मला ठाऊक आहे, तालमीला वेळेवर येणारेही फार नाहीत. पण श्रोत्याने कशासाठी पैसे दिले, हा प्रश्न तिथे आणि इथे एकच आहे.

गाडगेबाबा तर याच्याही पुढे गेले. कीर्तन करायचे, लोक द्यायचे, आणि त्यातून धर्मशाळा उभ्या राहायच्या. टाटाला कॅन्सरच्या उपचारासाठी जाणारा कोकणातला माणूस आजही दादरला गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत जागा मिळते का ते आधी बघतो. त्या जागेसाठी त्याला कुणाच्या कीर्तनात उभं राहून आपली गाठ दाखवावी लागत नाही. बाबांनी आजाऱ्याला समोर बसवून कीर्तन केल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. ते समोरच्यांनाच झोडपायचे. कर्ज काढून देवाचं करता, पोरांना शाळेत का घालत नाही, असं विचारायचे. ऐकणाऱ्याला लाज वाटली तर वाटावी, घेणाऱ्याला वाटू नये, असा तो उलटा हिशोब होता.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या शिमग्याकडे बघा. रत्नागिरीकडे पोस्त मागतात, आमच्याकडे शबय. मागणारा कसा येतो? सोंग घेऊन. कुणी तोंडाला काजळी फासलेली, कुणी बायकोचं लुगडं नेसलेला. गुहागर-दापोलीकडे संकासुर येतो तो काळ्या कपड्यात, तोंडावर मुखवटा चढवून, घुंगरू वाजवत. मुखवट्याआड कोण आहे ते सगळ्या वाडीला माहीत असतं, तरी त्या दिवशी त्याला नावाने हाक मारत नाहीत. मागताना तोंड झाकायची सोय आपल्या पूर्वजांनी करून ठेवली, आणि आम्ही फ्लेक्सवाल्याकडे जाऊन सांगतो की चेहरा मोठा घे.

यावर मंडळातलं उत्तर ठरलेलं आहे: चेहरा दाखवल्याशिवाय पैसे येत नाहीत. ते खोटं नाही. मोबाईलवर फिरणाऱ्या आवाहनांत नळ्या लावलेल्या लहान मुलाच्या फोटोला जो प्रतिसाद मिळतो तो 'गावातल्या गरजू रुग्णांसाठी' या शब्दांना मिळत नाही. पण कोणत्या चेहऱ्याला पैसे येतात तेही बघायला हवं. हृदयाला छिद्र असलेल्या मुलीला येतात. दारूने यकृत गेलेल्याला येत नाहीत. त्याची बायको आणि दोन पोरं त्याच घरात राहतात, तरी येत नाहीत. डोक्यावर परिणाम झालेल्या, वर्षानुवर्षं माजघरात ठेवलेल्या बाईचा बॅनर मी अजून बघितलेला नाही. आणि टीबी? सरकार टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये द्यायचं, नोव्हेंबर २०२४ पासून १००० देतं. पण ज्या घरात लग्नाची मुलगी आहे त्या घरातला टीबी पेशंट तिठ्यावरच्या फ्लेक्सवर जाईल का? तो औषध आणायलाही लांबच्या केंद्रावर जातो. बॅनर लावायचा ठरला की मदत कुणाला हे गरज ठरवत नाही, फोटो ठरवतो. वर आम्ही म्हणायचं की मंडळ भेदभाव करत नाही.

दुसरी गोष्ट आणखी साधी आहे. आजार वर्षानुवर्षं चालतो, डबलबारी एक रात्र चालते.

काकांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. ते त्यांना फुकट मिळतं. २०१६ पासून केंद्राचा डायलिसिसचा कार्यक्रम आहे, आणि राज्याच्या महात्मा फुले योजनेतही आता वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतच्या उपचारांची सोय आहे. यंत्र सरकारचं, सुई सरकारची. मधला रस्ता मात्र काकांचा. आमच्या गावातून रिक्षा जाऊन, थांबून, परत आणायचे ९०० रुपये घेते. आठवड्याला दोन म्हणजे वर्षाला १०४ खेपा, म्हणजे ९३ हजार ६०० रुपये. एसटीत डायलिसिसच्या रुग्णाला सवलत आहे, पण त्या वेळेला एसटी असायला हवी. चार तास रक्त धुऊन बाहेर पडलेला, पाय लटलटणारा माणूस दुपारच्या उन्हात स्टँडवर दीड तास उभा राहू शकत नाही. १०८ ची गाडी तातडीच्या पेशंटसाठी असते. काकांची तातडी दर मंगळवारी आणि शुक्रवारी येते, आणि अशी रोजची झालेली तातडी गाडीवाल्यांच्या वहीत बसत नाही.

म्हणजे त्या रात्रीचे ३५ हजार साधारण ३८ खेपांना पुरले. मे महिन्यात गायलो ते नवरात्राच्या सुमाराला संपलं. मग पुढे काय? एकाच चेहऱ्यावर दुसऱ्यांदा बॅनर लागत नाही. "मे महिन्यात दिले ना?" हे वाक्य कुणी उघड बोललं नाही, पण दिवाळीत काकूंनी रिक्षासाठी सोनाराकडे फेरी मारली तेव्हा मंडळात सगळ्यांना कळलं होतं आणि कुणीच विषय काढला नाही. आम्ही आमचं काम केलेलं होतं ना, टाळ्यांसकट.

बिलासाठी गाणं हेही मला पटत नाही, पण त्यात फार शिरत नाही. इतकंच सांगतो की बॅनरची ऑर्डर द्यायच्या आधी मंडळातल्या एकाने रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी बसावं. जे काम योजनेत होतं त्याच्यासाठी गावाने डबलबारी लावलेली मी पाहिली आहे. पैसे गेले, आणि योजनेत फुकट होणाऱ्या उपचाराचं बिल आपण कौतुकाने भरलं. आरोग्य केंद्राला यंत्र भेट द्यायची हौस तर त्याहून वाईट. यंत्र येतं, त्यावर मंडळाचं नाव येतं, चालवणारा माणूस येत नाही, आणि मग त्याच्यावर चादर घालून ठेवतात. सरकारचं काम सरकारकडून भांडून करून घ्यायचं असतं. गावाने आपल्या गळ्यातून उभं करायचं ते सरकारला दिसत नाही असं काहीतरी: रिक्षा, सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज, गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलात नेलेल्या पेशंटच्या बायकोचं चार दिवसांचं खाणं. आंब्याच्या हंगामात नवऱ्यासोबत हॉस्पिटलात बसलेल्या बाईची मजुरी कुठल्या फॉर्मवर मागायची, ते मला तरी कुणी दाखवलेलं नाही.

मग पैसे कुठून आणायचे? आमच्याकडे डबलबारीपेक्षा जुनी गोष्ट आहे, ती म्हणजे तबक. गणपतीत भजन मंडळ घरोघर फिरतं. मंडप लागत नाही, साऊंड लागत नाही. पेटी डोक्यावर घेऊन व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडायचा, खळ्यात पाय धुवायचे, गजर लावायचा, आरती करायची, काळ्या वाटाण्याची उसळ खायची आणि पुढचं घर. आरतीचं तबक फिरतं, माणसं त्यात घडी घातलेली नोट टाकतात. घडी घातलेली हे महत्त्वाचं. कुणी वीस टाकले, कुणी दोनशे, ते टाकणाऱ्याला आणि गणपतीला ठाऊक. माईक नाही, नाव नाही, नालासोपारा नाही. ते पैसे आजवर पखवाजाच्या शाईला, पुडीला आणि मंडळाच्या सदऱ्यांना जायचे. मी म्हटलं, त्यातल्या एका रात्रीचं तबक आजाऱ्यांच्या नावाने वेगळं ठेवू. कुणा एका आजाऱ्याच्या नावाने नाही.

नाताळात मालवण-वेंगुर्ल्याच्या ख्रिस्ती वाड्यांतून कॅरोल गात फिरणारी पोरं याहून वेगळं काय करतात? दारात गातात, पेटी पुढे करतात, पुढच्या दाराला जातात. घरोघर गाणाऱ्यांचा हा किनारा आहे. मैदानात खुर्च्या मांडून घ्यायची सवय आपल्याला अलीकडे लागली.

मंडळात विरोध झाला. एकजण म्हणाला, नाव नाही म्हणजे हिशोब नाही, उद्या कोणीही खाईल. त्याचा मुद्दा रास्त होता. गणपतीच्या वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घ्यायची हे आता मंडळांच्या अंगवळणी पडलंय, पण 'पेशंटसाठी' म्हणून गोळा केलेल्या पैशाचा कागद मागायला कुणी जात नाही. मागणाराच निष्ठुर ठरतो. मी बॅनरवाल्या रात्रींचे हिशोबही बघितले आहेत. तिथे पेशंटचं नाव मोठ्या अक्षरात असतं आणि आकडे कुठेच नसतात. आपण नेमकं उलटं करू या, असं माझं म्हणणं होतं. आकडे उघडे, नाव झाकलेलं. तिघांनी मिळून ठरवायचं कुणाला द्यायचे: मंडळाचा खजिनदार, गावातली आरोग्याची कामं बघणाऱ्या आशाताई आणि शाळेतल्या बाई. आणि पुढच्या गणपतीत पहिल्या भजनाच्या आधी वही वाचायची. रिक्षाच्या खेपा इतक्या, रुपये इतके. सोबतीचा रोज इतके दिवस, रुपये इतके. अंडी आणि दूध, रुपये इतके.

दुसरा म्हणाला, "गावात काय लपता? रिक्षा खंय जाता ता सगळ्यांका दिसता." हेही खरं. काकांच्या दारातून तेव्हा मंगळवारी सहाला रिक्षा निघायची हे कुत्र्यांनाही माहीत होतं. पण शेजाऱ्याला ठाऊक असणं वेगळं आणि शेजाऱ्यासमोर माईकवरून सांगणं वेगळं. संकासुराच्या मुखवट्याआडचा माणूस सगळ्यांना माहीत असतो म्हणून कुणी त्याचा मुखवटा ओढत नाही.

मला हे शहाणपण आपोआप आलेलं नाही. डबलबारीनंतर महिन्याभराने काकांना आणायला मी रिक्षातून गेलो होतो. परतीच्या वाटेवर, घाटी चढताना, ते डोळे मिटूनच म्हणाले, "पैसे व्हये हत रे झिला. पण माका थंय वर बसवन ठेव नको." इतकंच. मी काही बोललो नाही. फोटो मीच काढलाय हे त्यांना ठाऊक होतं.

बॅनर न लावता पैसे कमी जमले, हे लपवत नाही. पहिल्या वर्षी तबकाचे साडेअकरा हजार झाले. मुंबईतल्या चाळीस जणांना महिन्याला शंभर रुपये पाठवायला सांगितलं. पाठवतात, दर महिन्याला आठवण करावी लागते, पण पाठवतात. वर्षाचे ते ४८ हजार. दोन्ही मिळून ५९ हजार ५००. रिक्षाचे ९३ हजार ६०० कुठे आणि हे कुठे. मग वेगळा मार्ग काढला. जाताना सकाळची एसटी, तिथे त्यांना सवलत आहे आणि सकाळी अंगात बळही असतं. येतानाच फक्त रिक्षा. एका बाजूचे रिक्षावाला ६०० घेतो, कारण त्याला एका वेळी रिकामं यावं लागतं. १०४ खेपांचे ६२ हजार ४००. तरीही तीन हजारांची तूट राहते, आणि वाडीत काका हे एकटेच आजारी नाहीत.

ही तूट भरायला बॅनर लावू या, असं गेल्या बैठकीत पुन्हा निघालं. मी म्हटलं, डबलबारी लावा, हवी तर दोन लावा, पण ती चांगली लावा. तालीम करा, बुवांना मध्ये थांबवू नका, देणगीची नावं शेवटी एका कागदावर चिकटवा, आणि पावतीवर लिहा की उरलेले पैसे आजाऱ्यांच्या वहीत जातील. ज्याला भजन आवडलं तो देईल. ज्याला रडका चेहरा बघितल्याशिवाय खिशात हात घालवत नाही, त्याचे पाचशे एक गेले तर जाऊ देत. यावर एकजण म्हणाला की पाचशे एक म्हणजे जवळजवळ एक खेप. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तेवढी एक खेप मी माझ्या खिशातून घालतो म्हटलं, आणि हे काही धोरण होऊ शकत नाही हेही मला कळतं.

गेल्या गणपतीत, आजाऱ्यांच्या तबकाच्या रात्री, आम्ही काकांच्या घरी पोचलो तेव्हा साडेदहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, म्हणून त्यांनी लवकर या असं सांगून ठेवलं होतं. आम्ही अर्थातच उशिरा गेलो. ते पूर्वी कोरसात बसायचे. आता आवाज टिकत नाही, तरी पेटीच्या मागे येऊन बसले आणि गजराला सुरुवातीच्या दोन आवर्तनांपर्यंत आमच्याबरोबर राहिले, मग नुसती मान हलवत राहिले. फिस्टुलाचा, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायचा, हात त्यांनी मांडीवर सांभाळून ठेवला होता, टाळी एकाच हाताने गुडघ्यावर. आरती झाली, तबक फिरलं, त्यांच्यासमोर आलं. त्यांनी खिशातून नोट काढली, घडी घातली आणि टाकली. काकू आतून उसळीची वाटी घेऊन आल्या आणि म्हणाल्या की वाटाणे जरा कच्चे राहिलेत. खरंच राहिले होते. पखवाजवाला म्हणाला, शाई सुटायला आलीय, यंदा तबकातले पैसे सगळे आजाऱ्यांनाच जाणार असतील तर पुढच्या वर्षी डब्यावर वाजवतो.

काका हसले.